डोळ्यांतील खुणा आणि आपले कर्तव्य

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



या सभेत प्रशासकाने जमाखर्चाचा गोषवारा द्यावा, असा आपल्याकडील प्रघात आहे. जमाखर्चाची पत्रके याच अहवालात पुढे छापलेली आहेत. त्यामुळे अध्यक्ष महोदयांच्या अनुज्ञेने आज मी एका वेगळ्या विषयावर आपला थोडा वेळ घेणार आहे. नेत्रविभागासाठी मदतीचे आवाहन केले की काही हितचिंतक मला एक प्रश्न विचारतात. नेत्रविभाग म्हणजे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया आणि चष्म्याचे नंबर. तिथे मधुमेह, मेंदू, मज्जासंस्था यांचा आणि संशोधनाचा संबंध कोठून आला? तोच पैसा आणखी काही गरिबांच्या मोतीबिंदूंसाठी का खर्चू नये? प्रश्न अगदी रास्त आहे. ज्याने कष्टाचा पैसा दिला, त्याला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि त्याचे उत्तर देणे हे माझे काम आहे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्य नाही. आज जे सांगणार आहे ते आपल्या डॉक्टरांकडून वेळोवेळी समजून घेतलेले आणि प्रसिद्ध झालेल्या संशोधनाशी ताडून पाहिलेले आहे. त्यातील वैद्यकशास्त्र माझे नाही. हिशेब मात्र माझा आहे.

प्रथम डोळ्याचे वेगळेपण काय, ते पाहू. आपल्या शरीरातील रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू त्वचेखाली, स्नायूंखाली, हाडांच्या कवचात दडलेले असतात. डोळा याला अपवाद आहे. बाहुलीतून आत प्रकाश टाकला, की मागच्या पडद्यावरील, म्हणजे दृष्टिपटलावरील बारीक रक्तवाहिन्या आणि मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टीच्या मज्जातंतूचे मुख, कोठेही छेद न घेता प्रत्यक्ष पाहता येते. गर्भावस्थेत दृष्टिपटल हे मेंदूच्याच भागातून निर्माण होते. त्यामुळे मेंदूचे आणि डोळ्याचे नाते शेजाऱ्याचे नसून रक्ताचे आहे. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण १८५१ मध्ये जगापुढे मांडले, तेव्हापासून ही खिडकी वैद्यकाला खुली झाली.

आमच्या व्यवसायातील उदाहरण द्यायचे तर लेखापरीक्षक वर्षभराची सर्व व्हाउचरे तपासत नाही. तो निवडक नमुने तपासतो आणि त्यांत गडबड दिसली की संपूर्ण खात्याकडे लक्ष वळवतो. दृष्टिपटल हा शरीरातील बारीक रक्तवाहिन्यांचा असाच एक नमुना आहे. तेथे बिघाड दिसला तर मूत्रपिंड, हृदय आणि मेंदू यांच्याकडेही पाहावे, असा त्याचा अर्थ होतो. मात्र नमुन्यातील चूक ही चौकशीची सुरुवात असते, निकाल नसतो. हा भेद आपण लक्षात ठेवावा, कारण माझे पुढचे बरेचसे म्हणणे त्यावर उभे आहे.

हेल्महोल्ट्झ यांच्या उपकरणाला दहा वर्षे होतात न होतात तोच, १८६० मध्ये बर्लिनचे नेत्रवैद्य फॉन ग्रेफे यांनी मेंदूतील गाठीमुळे दृष्टीच्या मज्जातंतूच्या मुखाला सूज येते, असे वर्णन प्रसिद्ध केले. इंग्लंडमध्ये क्लिफर्ड ऑलबट यांनी १८७१ मध्ये मज्जासंस्था व मूत्रपिंड यांच्या विकारांत या उपकरणाचा उपयोग कसा करावा यावर ग्रंथ लिहिला, तर १८७९ मध्ये विल्यम गॉवर्स यांनी चित्रांसह याच विषयाची पुस्तिका सिद्ध केली. हे दोघेही नेत्रतज्ज्ञ नव्हते. सर्वसाधारण रुग्णांवर उपचार करणारे हे वैद्य डोळ्यात डोकावून पाहत होते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. डोळा ही एका विभागाची मालमत्ता नाही, हे त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

१९३९ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या कीथ, वॅगनर व बार्कर या तिघांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचे, दृष्टिपटलावरील बदलांनुसार चार गट पाडले आणि त्यांचा पुढे काही वर्षे मागोवा घेतला. पहिल्या, म्हणजे सौम्य बदलांच्या गटातील ७० टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. चौथ्या गटातील केवळ ६ टक्के. रक्तदाबावर परिणामकारक औषधे त्या काळी नव्हती. डोळ्याचा पडदा पाहून वैद्याला रोगाचे गांभीर्य कळत होते. हाती उपाय मात्र नव्हता. आज उपाय हाती आहे. म्हणूनच आज ती खूण पाहून तिच्याकडे दुर्लक्ष करणे अधिक अक्षम्य आहे.

आता आपल्या दारातील विषयाकडे येतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत, दहा राज्ये व एक केंद्रशासित प्रदेश यांतील चाळीस वर्षे व त्यावरील मधुमेहींच्या दृष्टिपटलाची छायाचित्रे तपासली गेली. १२.५ टक्के मधुमेहींत पडद्यावर मधुमेहाचे बदल होते आणि ४ टक्क्यांत ते दृष्टीला धोका पोहोचवण्याइतके पुढे गेलेले होते. याचा साधा अर्थ असा, की आपल्याकडे या वयाचे एक हजार मधुमेही आले तर त्यांपैकी सुमारे सव्वाशेंच्या डोळ्यांत बदल सापडतील आणि सुमारे चाळीस जणांची दृष्टी धोक्यात असेल. यांतील अनेकांना त्या दिवशी तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येत असतो. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणीही येत नाही. या रोगाचा हाच मोठा धोका आहे.

आपल्या बाह्यरुग्ण विभागात वारंवार दिसणारा प्रसंग असा. पन्नाशीचा गृहस्थ 'जवळचे दिसत नाही' म्हणून चष्म्यासाठी येतो. थेंब घालून बाहुली मोठी केली जाते आणि डॉक्टरांना पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. त्याला विचारले तर साखर कधी तपासलेलीच नसते. चष्मा घेण्यासाठी आलेला हा माणूस मधुमेह आणि कित्येकदा त्याच्या जोडीने रक्तदाब घेऊन घरी जातो. नाराज होऊन जातो हे खरे. परंतु वेळेत जातो.

वेळेत म्हणण्याला आधार आहे. १९७६ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले, की रोग पुढच्या अवस्थेत गेल्यावरही लेझर उपचाराने दृष्टी गंभीरपणे गमावण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक कमी होते. १९९३ मध्ये अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांवरील अभ्यास पूर्ण झाला. हे सर्व इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या मधुमेहाचे, बहुतांशी तरुण रुग्ण होते. ज्यांच्या डोळ्यांत अद्याप बदल नव्हते, त्यांच्यात साखर काटेकोर आटोक्यात ठेवल्याने असे बदल उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. १९९८ मध्ये ब्रिटनमधील अभ्यासाने प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहाविषयी आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली. केवळ रक्तदाब नीट आटोक्यात ठेवल्यानेही दृष्टिपटलाची अवस्था बिघडण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी झाले. या तिन्ही निष्कर्षांमागे शेकडो, हजारो सामान्य रुग्ण आहेत. वर्षानुवर्षे नियमित तपासणीला येऊन त्यांनी ते ज्ञान आपल्याला दिले. संशोधन म्हणजे प्रयोगशाळेतील काचेच्या नळ्या, अशी आपली समजूत असते. रुग्णालयातील संशोधनाचा मोठा भाग हा नीट लिहिलेल्या केस पेपरचा आणि ठरलेल्या दिवशी परत आलेल्या रुग्णाचा असतो.

याच मार्गाने मेंदूचाही अंदाज येतो. दहा हजारांहून अधिक मध्यमवयीन अमेरिकन स्त्री-पुरुषांच्या दृष्टिपटलाची छायाचित्रे घेऊन काही वर्षे त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवण्यात आली. ज्यांच्या पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्यांत बिघाड होता, त्यांना पुढे पक्षाघात होण्याचा संभव अधिक आढळला. २००१ मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यामुळे नेत्रविभागात अशी खूण दिसली, तर रुग्णाला पुढच्या खोलीत रक्तदाब मोजण्यास पाठवणे हे नेत्रवैद्याचे सौजन्य राहत नाही. तो उपचाराचाच भाग होतो.

आता एका विरळ विकाराविषयी सांगतो. तो थोड्याच घरांत होतो, पण ज्या घरात होतो ते घर हवालदिल होते. या रोगाचे नाव विल्सनचा आजार. अन्नातून येणारे तांबे शरीराबाहेर टाकण्याची यकृताची व्यवस्था जन्मतः सदोष असल्याने ते तांबे आधी यकृतात आणि मग मेंदूत साचते. चांगला शिकणारा मुलगा वा मुलगी. हळूहळू अक्षर बिघडते, हात थरथरतात, बोलणे अडखळते, स्वभाव चिडचिडा होतो. शाळा म्हणते अभ्यासात लक्ष नाही, शेजारी म्हणतात कोणाची तरी नजर लागली. आईवडील अंगारे-धुपारे आणि निरनिराळे दवाखाने यांत महिने घालवतात. अशा मुलाला नेत्रविभागातील स्लिट लॅम्पसमोर बसवले, तर बुबुळाच्या कडेला पिंगट-हिरवट रंगाचे कडे दिसते. हे कडे साचलेल्या तांब्याचे असते. कायझर यांनी १९०२ मध्ये आणि फ्लायशर यांनी १९०३ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून ते त्या दोघांच्या नावाने ओळखले जाते. विल्सन यांनी या आजाराचे सविस्तर वर्णन १९१२ मध्ये केले. मेंदूची लक्षणे दिसू लागलेल्या बहुतेक सर्व रुग्णांत हे कडे सापडते. केवळ यकृताचा त्रास असलेल्या रुग्णांत मात्र ते अनेकदा नसते. म्हणून कडे नाही एवढ्यावरून आजार नाही, असे ठरवता येत नाही. पुढे रक्ताच्या व लघवीच्या तपासण्या कराव्याच लागतात.

या आजारावर औषध आहे. केंब्रिजचे डॉक्टर वॉल्श यांनी १९५६ मध्ये पेनिसिलामाइन हे तांबे बाहेर काढणारे औषध प्रचारात आणले. पुढे इतर औषधे व जस्ताचे क्षारही उपयोगात आले. उपचार वेळेत सुरू झाला तर रुग्ण शिकतो, नोकरी करतो, संसार करतो. उपचार आयुष्यभर घ्यावा लागतो आणि मध्येच थांबवणे जिवावर बेतू शकते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की हा आजार आई व वडील दोघांकडून आलेल्या सदोष जनुकांमुळे होतो. त्यामुळे एका मुलाला तो असल्यास त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारांत एक इतकी असते. थोरल्याच्या डोळ्यातील कड्यामुळे धाकटी बहीण एकही लक्षण दिसण्यापूर्वी तपासली जाते आणि तिचा मेंदू शाबूत राहतो. एका खुणेमुळे दोन मुले वाचू शकतात. परंतु ती खूण पाहिल्यानंतर धाकट्या बहिणीला बोलावणे कोणी तरी पाठवले पाहिजे. हे 'कोणी तरी' कोण, याकडे मी शेवटी येणार आहे.

संपन्न देशांतील मोठ्या संस्थाच असे ज्ञान मिळवू शकतात, असा समज होऊ नये. आफ्रिकेतील मलावी या गरीब देशात, ब्लॅन्टायर येथील रुग्णालयात मेंदूच्या मलेरियाने बेशुद्ध झालेल्या मुलांच्या डोळ्यांचा पडदा डॉक्टर अनेक वर्षे नियमाने तपासत व नोंदवत होते. काही मुले दगावली, तेव्हा पालकांच्या संमतीने शवविच्छेदन करण्यात आले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळले, की मेंदूचा मलेरिया असे निदान झालेल्या मृत मुलांपैकी २३ टक्के प्रत्यक्षात निराळ्याच कारणाने दगावली होती. खऱ्या मलेरियाची मुले आणि ही मुले यांतील भेद रुग्णशय्येपाशी दाखवणारी खूण एकच होती, ती म्हणजे दृष्टिपटलावरील विशिष्ट बदल. बेशुद्ध मुलाच्या पडद्यावर ते बदल नसतील तर दुसरे कारण शोधा, असा धडा डॉक्टरांना मिळाला. त्यासाठी लागले ते एक साधे उपकरण, बाहुली मोठी करणारे थेंब, शिकवलेला डोळा आणि दुःखाच्या क्षणीही संमती देणारे आईवडील. त्या पालकांचे ऋण वैद्यकशास्त्रावर कायमचे आहे.

एवढे सांगितल्यावर आता सावधगिरीचे चार शब्द बोलणे भाग आहे. कारण या विषयात आशेचा व्यापारही होऊ शकतो.

१९९१ पासून प्रकाशाच्या साहाय्याने दृष्टिपटलाचे थर मोजणारे यंत्र उपलब्ध झाले. नेत्रवैद्य त्याला ओसीटी म्हणतात. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात. हे यंत्र तितक्या सूक्ष्म मापात थराची जाडी सांगते. त्याच्या मदतीने स्मृतिभ्रंश आणि कंपवात यांच्या खुणा डोळ्यात सापडतात का, याचा शोध जगभर चालू आहे. २०२३ मध्ये लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयाच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कंपवाताच्या ७०० रुग्णांच्या दृष्टिपटलाचा आतला एक थर इतरांपेक्षा सरासरी दोन मायक्रॉनने पातळ आढळला. त्याच संशोधकांनी ब्रिटनमधील आणखी ५०,४०५ व्यक्तींच्या नोंदी पाहिल्या. त्यांपैकी ५३ जणांना पुढे सरासरी सात वर्षांनी कंपवात झाला आणि या पातळपणाचा त्याच्याशी संबंध दिसून आला.

वृत्तपत्रांत अशा बातम्या 'डोळ्याच्या तपासणीने सात वर्षे आधी निदान' अशा मथळ्याने येतात. घरात कंपवाताचा वा विस्मरणाचा रुग्ण असलेले नातेवाईक ती कात्रणे घेऊन माझ्या कार्यालयात येतात आणि "साहेब, आमचीही तपासणी करून द्या, पैसे भरतो," असे म्हणतात. त्यांची व्याकुळता मला समजते. म्हणूनच येथे हिशेब मांडतो. ५०,४०५ मध्ये ५३ म्हणजे हजारात सुमारे एक. आता कल्पना करा, की खरोखरच एखादी उत्तम तपासणी निघाली. पुढे आजार होणाऱ्या शंभरांपैकी ९० जणांना ती अचूक ओळखते आणि निरोगी शंभरांपैकी केवळ १० जणांना चुकून दोषी ठरवते. दहा हजार लोकांची तपासणी केली तर त्यांपैकी दहा जणांना आजार होणार असेल. तपासणी त्यांतील नऊ ओळखेल. उरलेल्या ९,९९० निरोगी लोकांपैकी ९९९ जणांनाही ती 'तुम्हाला धोका आहे' असे सांगेल. नऊ जणांसाठी जवळजवळ एक हजार घरांची झोप उडेल. त्या नऊ जणांनाही आज आपण काय देऊ शकतो? कंपवाताची लक्षणे कमी करणारी औषधे आहेत. परंतु तो होऊच नये अशी सिद्ध झालेली औषधयोजना अद्याप नाही. शिवाय दोन मायक्रॉनचा फरक ही सातशे रुग्णांची सरासरी आहे. माणसाच्या केसाची जाडी त्याच्या पंचवीसपट वा त्याहून अधिक असते. काचबिंदू, मधुमेह, वय, चष्म्याचा मोठा नंबर यांनीही या थरांच्या जाडीत फरक पडतो.

म्हणून आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रशासनाने एक नियम ठरवला आहे. स्मृतिभ्रंश वा कंपवाताचे भाकीत करणारी डोळ्याची तपासणी म्हणून आपण कोणतीही सेवा शुल्क घेऊन देणार नाही आणि फुकटही देणार नाही. यात रुग्णालयाचे संभाव्य उत्पन्न बुडते, याची मला जाणीव आहे. विश्वस्तांनी या भूमिकेला पाठिंबा द्यावा, अशी माझी नम्र विनंती आहे. हे संशोधन अत्यंत मोलाचे आहे; ते संशोधन म्हणूनच, नैतिकता समितीच्या मान्यतेने, रुग्णाकडून एक पैसाही न घेता व्हावे. नवी कोणतीही तपासणी सुरू करण्यापूर्वी आपण तीन गोष्टी विचारू. आपल्याकडे येणाऱ्यांत तो आजार किती जणांना असतो? खूण सापडली तर देण्याजोगा उपचार आहे काय? आणि खूण सापडलेल्या रुग्णाला पुढे कोण सांभाळणार? मधुमेही दृष्टिपटलाच्या बाबतीत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे भक्कम आहेत. तिसऱ्याचे उत्तर आपण द्यायचे आहे.

त्याआधी रुग्णांच्या नातेवाईकांना एक गोष्ट सांगतो. २०१८ मध्ये गूगलच्या संशोधकांनी २,८४,३३५ रुग्णांच्या दृष्टिपटलाच्या छायाचित्रांवर संगणकाला शिकवले. तो संगणक केवळ छायाचित्र पाहून ती व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, हे बहुतांशी अचूक सांगू लागला आणि वय सरासरी साडेतीन वर्षांहून कमी फरकाने ओळखू लागला. अनुभवी नेत्रवैद्यांनाही त्या छायाचित्रावरून हे सांगता येत नाही. याचा अर्थ, आज साधे वाटणारे छायाचित्र उद्या आपल्याविषयी बरेच काही सांगू शकेल. म्हणून ते छायाचित्र रुग्णाच्या इतर वैद्यकीय माहितीइतकेच जपले पाहिजे. आयुर्विज्ञान परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे हेच सांगतात. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला. आपल्याकडे उपचाराची संमती आणि संशोधनाची संमती यांचे अर्ज वेगळे आहेत, ते यासाठीच. संशोधनाच्या अर्जावर सही न केल्यास उपचारात तसूभरही फरक पडत नाही. अर्ज मराठीत आहे. तो घरी न्यावा, शिकलेल्या मुलाकडून वा मुलीकडून वाचून घ्यावा, शंका विचाराव्यात आणि मगच निर्णय घ्यावा. नाही म्हणणाऱ्याचाही आम्ही तितकाच आदर करतो.

आता त्या 'कोणी तरी'विषयी. नेत्रविभागात खूण दिसते, डॉक्टर केस पेपरवर 'औषधोपचार विभागात दाखवावे' असे लिहितात, आणि रुग्ण तो कागद पिशवीत घालून शेवटच्या एस.टी.च्या घाईने घरी जातो. थेंबांमुळे त्याला दुपारभर अंधूक दिसत असते. कागदावरचे अक्षर तो वाचूही शकत नाही. पुढच्या सोमवारी यायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते. डोळ्याला त्रास तर काहीच नसतो. मग तो दोन वर्षांनी येतो, तेव्हा नातवाने हात धरून आणलेला असतो. इतक्या देशांतील इतक्या वर्षांचे संशोधन आपल्या इमारतीतील दोन खोल्यांमधल्या व्हरांड्यात असे वाया जाते. ज्ञान लंडनहून आणि ब्लॅन्टायरहून आपल्यापर्यंत पोहोचले. ते नेत्रविभागातून औषधोपचार विभागापर्यंत पोहोचले नाही, तर दोष संशोधकांचा म्हणता येणार नाही.

यावर उपाय खर्चिक नाही, परंतु चिकाटीचा आहे. पडद्यावर वा बुबुळावर शरीराच्या आजाराची खूण दिसलेल्या प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र नोंदवहीत नोंद. साखर, रक्तदाब आणि लघवीची तपासणी त्याच दिवशी, त्याच फेरीत. केस पेपरवर ठळक शिक्का. आणि ठरलेल्या तारखेला न आलेल्या रुग्णाच्या घरी दूरध्वनी करणारी, प्रसंगी गावातील आशाताईंमार्फत निरोप धाडणारी एक व्यक्ती. विल्सनच्या आजारात भावंडांना बोलावण्याची जबाबदारीही याच व्यक्तीची. हीच नोंदवही पुढे, संमती घेतलेल्या रुग्णांपुरती, आपल्या संशोधनाचा पाया होईल.

येथे देणगीदारांशी मनमोकळेपणाने बोलतो. छायाचित्र घेणारे यंत्र दिले की त्यावर नामफलक लागतो, उद्घाटन होते, अहवालात छायाचित्र छापले जाते. दूरध्वनी करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या वेतनावर नामफलक लावता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून लागू असलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालये आपल्या एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत ठेवतात. परंतु तो निधी गरीब रुग्णांच्या उपचारांसाठी आहे. पाठपुराव्याचा खर्च आपल्यालाच उभा करायचा आहे. माझी विनंती एवढीच, की ज्या दात्यांना नेत्रविभागासाठी यंत्र द्यावयाचे आहे, त्यांनी त्या यंत्राबरोबर पाच वर्षांच्या पाठपुराव्याचा खर्चही आपल्या देणगीत धरावा. तेवढी रक्कम नसेल तर यंत्र थोडे साधे घेऊ, पण पाठपुरावा सोडायचा नाही. आणि मोतीबिंदूंचे काय, या मूळ प्रश्नाचे उत्तर असे, की त्या शस्त्रक्रियांतील एकही या कामासाठी कमी केली जाणार नाही. उलट, मोतीबिंदूसाठी येणाऱ्या वृद्धांची रक्तशर्करा व रक्तदाब आपण शस्त्रक्रियेपूर्वी तपासतोच. मोतीबिंदू काढल्यावर मागचा पडदा स्वच्छ दिसतो, तेव्हा तो नीट पाहून त्याची नोंद करणे एवढेच अधिक काम आहे.

नातेवाईकांनी तीन गोष्टी घरी न्याव्यात. प्रौढपणी मधुमेहाचे निदान झाल्यास त्याच सुमारास डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, सर्वसाधारणपणे वर्षातून एकदा, दृष्टी चांगली असली तरी तपासावा. मधुमेह असलेल्या स्त्रीने गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही तपासणी अवश्य करावी. आणि सततची डोकेदुखी, दिसणे क्षणभर अंधारून येणे, एकाएकी दोन दोन प्रतिमा दिसणे, किंवा तरुण मुला-मुलीत हाताची थरथर व अक्षरात बिघाड दिसल्यास, चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून थांबून राहू नये.

आपल्या रुग्णालयाची उभारणी ज्या लहान-मोठ्या देणग्यांतून झाली, त्यांतील पैचा हिशेब द्यावा हे माझे कर्तव्य आहे. यापुढे त्या हिशेबात मी आणखी एक रकाना धरणार आहे. नेत्रविभागात किती रुग्णांत अशी खूण आढळली आणि त्यांपैकी किती जण प्रत्यक्ष पुढच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचले, हे दोन आकडे पुढील वार्षिक अहवालापासून जमाखर्चाच्या पत्रकाशेजारी छापले जावेत, असा प्रस्ताव मी विश्वस्त मंडळापुढे ठेवत आहे. ते आकडे समाधानकारक असतील किंवा नसतील. पण ते आपल्यासमोर असतील आणि आपण मला त्यांविषयी जाब विचारू शकाल.